युरेनियम खाण आणि मिलचा विस्तार: बाहेरच्या इंजिनिअरिंग कंपन्यांबरोबर नियोजन कसं करावं

झारखंडच्या पूर्व सिंहभूम जिल्ह्यात, जमशेदपूरपासून जवळ, तुरामडीहची युरेनियम मिल आहे. दिवसाला ३००० टन खनिज दळण्याची तिची क्षमता ४५०० टनांवर नेण्याची योजना युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने आखली. वाढ दीड हजार टनांची. आता साधा हिशोब करू. या पट्ट्यातलं खनिज गरीब आहे. सोयीसाठी त्यात ०.०४ टक्के युरेनियम ऑक्साइड आहे आणि त्यातलं ८० टक्के हाती लागतं असं धरा. वाढलेल्या १५०० टनांतून रोज मिळणार ४८० किलो. बाकीचं सगळं दळलेलं, आम्लात भिजलेलं, चुन्याने शांत केलेलं, गाळ म्हणून बाहेर पडणार.

म्हणून विस्ताराची फाइल टेबलावर आली की मी यंत्रांची यादी बाजूला सारतो आणि दोन गोष्टी विचारतो. गाळ कुठे टाकणार? आणि खाणीची हद्द कुठे संपते नि मिलची कुठे सुरू होते, हे कोणी ठरवलंय? बाकी जवळपास सगळं बाहेरच्या कंपन्या करून देतात, पैसे मोजले की चांगलंही करून देतात. या दोन प्रश्नांवर मात्र त्या तुमच्याच तोंडाकडे बघतात. हा लेख मालकाच्या बाजूने प्रकल्प कक्षात बसणाऱ्यांसाठी आहे. नागपूर-पुण्याच्या सल्लागार कंपन्यांतल्या तरुण इंजिनिअरांनीही वाचावा. समोरचा गप्प का बसलाय ते कळेल.

आधी स्वतःची मिल मोजा

सल्लागार नेमण्यापूर्वी दोन-तीन महिने घरच्याच माणसांना कामाला लावा. अडतंय कुठे ते शोधायचं. सगळ्यांचा पहिला संशय बॉल मिलवर असतो, कारण पोलादी गोळ्यांनी खनिज दळणारं हे पिंप मोठं आणि आवाज करणारं. प्रत्यक्षात बारीक गाळ न बसणारा थिकनर (गाळ तळाशी बसवून पाणी वेगळं काढणारी टाकी), दर पाळीला कापड फाटणारा फिल्टर किंवा पावसाळ्यात ओल्या खनिजाने तुंबणारी चूट (माल खाली घसरवणारी पन्हळ), यांच्यापैकी कोणीतरी गुन्हेगार निघतो. लॉगबुकातली वर्षभराची थांबण्याची कारणं हाताने एका तक्त्यात उतरवा. संगणकातल्या नोंदींत निम्म्या ठिकाणी नुसतं ‘इतर’ लिहिलेलं असतं. खरं कारण पाळीप्रमुखाच्या पेन्सिलीतच सापडतं.

मग ताशी आकडा काढा. दिवसाला ४५०० टन म्हणजे तासाला १८७.५ टन, असं सरळ भागून कोणी पंप निवडू लागला तर त्याला थांबवा. मिल वर्षभर २४ तास चालत नसते. वापर ८८ टक्के धरला तर तासाला सुमारे २१३ टन पेलावे लागतील. या २५ टनांच्या फरकात पाइपचा व्यास, मोटारीची ताकद आणि थिकनरचं क्षेत्रफळ, तिन्ही बदलतात.

खाणीलाही हाच न्याय. शाफ्टमधून, म्हणजे उभ्या विहिरीतून, माल वर येत असेल तर स्किपची, म्हणजे माल ओढणाऱ्या बादलीची, फेरी घड्याळ लावून मोजा. पाच टनांची स्किप, तासाला २० फेऱ्या, दिवसाचे १६ कामाचे तास: १६०० टन, विषय संपला. मिल कितीही मोठी केली तरी या शाफ्टमधून १६०१वा टन येणार नाही. तुरामडीहच्या मिलला बांदुहुरंगच्या उघड्या खाणीचाही माल मिळतो, म्हणून तिथे हिशोब वेगळा बसतो. नरवापहाडसारख्या खाणीत उताराच्या रस्त्याने रबरी चाकांची यंत्रं आत जातात, तिथे अडचण शाफ्टपेक्षा हवेची असते.

लीज, परवानग्या, आणि कुठली फाइल कुठे जाते

इथे लोक वेळेचा अंदाज हमखास चुकवतात. जादूगुडा ही देशातली पहिली युरेनियम खाण आणि तिच्याशेजारची मिल १९६८ पासूनची. पण २०१४ मध्ये लीजच्या प्रश्नावरून ही खाण थांबवावी लागली आणि ती थांबणूक वर्षानुवर्षं चालली. तेव्हा विस्ताराच्या अहवालाचं पहिलं पान लीजची मुदत आणि वनजमिनीची स्थिती सांगणारं असू द्या.

आपल्या नागपूरकरांची एक हमखास चूक: खाण म्हटलं की खाण आराखडा इंडियन ब्युरो ऑफ माइन्सकडे, म्हणजे सिव्हिल लाइन्सला जायचा, अशी सवय. अणुखनिजांचा आराखडा हैदराबादला, अणुखनिज संचालनालयाकडे जातो. किरणोत्सर्गाच्या सुरक्षेची फाइल मुंबईला, अणुशक्तीनगरातल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे. खाणीतल्या कामगारांची सुरक्षा धनबादच्या महासंचालनालयाकडे. पर्यावरण मंजुरी दिल्लीला. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे क्षमता वाढवायची तरी ती नव्याने लागते. सल्लागार ‘परवानग्यांना साहाय्य’ असं एका ओळीत लिहून मोकळा होतो. त्या ओळीखाली कुठला अर्ज कोण लिहिणार, कोणाच्या सहीने जाणार आणि शंका आल्या तर उत्तर किती दिवसांत देणार, हे लिहून घ्या.

नमुने: स्वस्तात उरकायची जागा नव्हे

खनिज बदललं की प्रक्रिया बदलते. सिंहभूमचं खनिज गंधकाम्लात विरघळतं. पाचुका नावाच्या उंच टाक्यांत हवेने ढवळून, पायरोलुसाइट या मँगनीज खनिजाच्या मदतीने. आंध्रच्या कडपा जिल्ह्यात तुम्मलपल्लीला युरेनियम डोलोमाइटयुक्त चुनखडकात आहे. तिथे आम्ल घातलं तर ते सगळं चुनखडकच पिऊन टाकेल. म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अभ्यासावर उभी असलेली, दाबाखाली सोडा आणि बायकार्बोनेट वापरणारी अल्कली पद्धत तिथे घेतली.

तुमच्या विस्तारात इतका टोकाचा फरक नसेल. पण खाण खोल जाते तसं खनिज कठीण होतं, त्यातला आम्ल खाणारा भाग बदलतो, चिकणमाती वाढते. येत्या दहा वर्षांत ज्या स्टोपमधून, म्हणजे खाणीतल्या खोदकामाच्या कप्प्यातून, माल येणार आहे तिथले नमुने द्या, आज जिथे खणताय तिथले नको. सगळे नमुने एकत्र मिसळून एक ‘सरासरी’ नमुना करण्याचा मोह टाळा. सरासरी खनिज मिलमध्ये एकही दिवस येत नाही. दळणकाठिण्य, आम्लाचा खप आणि गाळ बसण्याचा वेग यांच्या चाचण्या वेगवेगळ्या नमुन्यांवर करा आणि निकालांपैकी वाईटातल्या चौथाई भागाला पेलेल अशी रचना मागा.

एक कागद घरातच लिहा

रचनेचा आधार सांगणारा कागद, ज्याला सगळे बेसिस ऑफ डिझाइन म्हणतात, तो सल्लागाराकडून लिहून घेऊ नका. तीस-चाळीस पानं पुरतात. खनिजाचा दर्जा आणि त्याचे चढउतार, ताशी क्षमता, युरेनियमची वसुली, पाणी कुठून येणार, वीज किती, अंतिम माल कुठल्या स्वरूपात, गाळाचं काय, कामगाराला वर्षाला किरणोत्सर्गाची किती मात्रा चालेल. शेवटच्या मुद्द्यावर नियामकाची मर्यादा अशी: पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षी ३० च्या वर नाही, बाहेरच्या माणसाला वर्षाला १. पण मर्यादेलाच लक्ष्य समजून रचना करायची नसते. तुमचा स्वतःचा, बराच खालचा आकडा त्या कागदात असू द्या.

तो कागद घरात लिहिला की भांडणंही घरात होतात. खाणवाले म्हणतात ३०० मिलिमीटरचा दगड देऊ, मिलवाल्यांना २०० हवा असतो. हे भांडण टेंडरच्या आधी झालं तर एका दुपारचं. नंतर झालं तर त्याचं नाव ‘व्हेरिएशन’ आणि प्रत्येक पत्रागणिक बिल.

हद्द: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

साधारणपणे खाणीचं काम एका कंपनीला, मिलचं दुसरीला आणि गाळाच्या बंधाऱ्याचं तिसरीला जातं. त्यात गैर काही नाही. बंधारा बांधणाऱ्याला आयन एक्स्चेंज कळावं अशी अपेक्षा नसते. पण तीन कंपन्या म्हटल्या की तीन हद्दी आल्या, आणि प्रत्येक हद्दीवर कोणाचीच नसलेली एक छोटीशी पट्टी उरते. या हद्दींनाच बॅटरी लिमिट म्हणतात.

माझ्या वाट्याला आलेला एक प्रसंग सांगतो. जागा नि नावं सोडून देतो. खाणीच्या कन्व्हेअरचा शेवट एका कंपनीच्या रेखाचित्रात, त्याखालची चूट आणि बिन (माल साठवायची कोठी) दुसरीच्या. दोन्ही रेखाचित्रं तपासलेली, सह्या झालेली. बिनचं काँक्रीट झाल्यावर फिटर वर चढला, टेप लावली आणि खाली ओरडला, ‘साहेब, बिन वर आलाय!’ तब्बल ३८० मिलिमीटर. कारण शोधायला दोन दिवस लागले. खाणीच्या सर्व्हे विभागाची उंची जुन्या काळी ठरवलेल्या स्थानिक खुणेपासून मोजलेली होती. मिलच्या कंपनीने समुद्रसपाटीपासूनची उंची घेतली होती. दोघंही बरोबर. दोन्ही आकडे ‘आरएल’ (रिड्यूस्ड लेव्हल, म्हणजे ठरावीक खुणेपासूनची उंची) म्हणूनच लिहिलेले. मग ब्रेकर लावून काँक्रीट फोडलं, आणि पैसे कोणी द्यायचे यावर पत्रव्यवहार चालला तो प्लांट सुरू झाल्यावरही संपला नव्हता.

तेव्हापासून मी हद्दींचा एक वेगळा तक्ता ठेवतो. प्रत्येक ओळीला एक जोड: पाइप, केबल, रस्ता, कन्व्हेअर, नाली, सिग्नल. प्रत्येक जोडाला जागा, उंची, कुठल्या खुणेपासून, दाब, प्रवाह, कोण देणार, कोण घेणार आणि फ्लँजचे बोल्ट कोणाचे. बोल्टचं वाचून लोक हसतात. हसू द्या. हा तक्ता तिन्ही करारांना जोडपत्र म्हणून लावायचा आणि महिन्यातून एकदा तिन्ही कंपन्यांच्या माणसांना एकाच टेबलाशी बसवून वाचायचा. ती बैठक मालकाने चालवायची. ‘तुम्ही आपसात बोलून घ्या’ म्हटलंत की तुमचा प्रकल्प कोणाचाच राहत नाही.

हद्दीची किंमत फार मोठ्या प्रमाणावर पाहायची तर कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात सिगार लेक बघा. खाण कॅमेको चालवते, माल सुमारे ७० किलोमीटरवरच्या मॅक्लीन लेकच्या मिलमध्ये जातो आणि ती मिल ओरानो, म्हणजे पूर्वीची अरेवा, चालवते. खाण बांधताना ऑक्टोबर २००६ मध्ये पाणी घुसलं, ऑगस्ट २००८ मध्ये पुन्हा घुसलं. उत्पादन सुरू व्हायला २०१४ उजाडलं. दरम्यान मिल २०१० पासून थांबलेली होती. एका बाजूचा उशीर दुसऱ्या बाजूला उपाशी ठेवतो, आणि करारात त्या उपाशी काळाचा खर्च कोणाचा हे लिहिलेलं नसेल तर वकिलांची चंगळ. तुमच्या दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या असल्या तरी वेळापत्रकात खाण आणि मिल यांच्यामध्ये काही आठवड्यांचा साठा धरा, आणि तो कुठे ढीग घालणार, त्यावरून वाहणारं पाणी कुठे जाणार, हेही.

टेंडर आणि माणसं

सल्लागार नेमताना केवळ एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी बोलीवाला, बघू नका. गुणवत्ता आणि किंमत दोन्हीला भार देणारी क्यूसीबीएस पद्धत सरकारी नियमांत बसते, ती वापरा. गुण देताना कंपनीच्या जाहिरातीपेक्षा माणसं बघा: प्रक्रियेचा प्रमुख कोण, गाळाच्या बंधाऱ्याचा भूतंत्रज्ञ कोण, वायुवीजन कोण बघणार. त्यांची नावं करारात घाला आणि तुमच्या संमतीशिवाय बदलता येणार नाहीत असं लिहा. सादरीकरणाला येतो तो केस पिकलेला तज्ज्ञ आणि कामाला येतो परवा पास झालेला पोरगा, हा अनुभव नवा नाही. पोरगा हुशार असतो, त्याच्याविषयी तक्रार नाही. पण सही करणारा माणूस साइटवर दिसला पाहिजे.

कामाचे तासिक दर आधीच ठरवा, म्हणजे बदल झाला की दराची घासाघीस नको. रेखाचित्रांच्या पीडीएफवर समाधान मानू नका; मूळ फाइली आणि त्रिमितीय मॉडेल तुमच्या ताब्यात यावं. खर्चाच्या अंदाजापुढे तो किती पक्का आहे ते लिहून घ्या. चार रेखाचित्रांवर बेतलेला आकडा आणि पूर्ण यादीवर बेतलेला आकडा दिसायला सारखेच असतात, दोन्हीत दशांशचिन्हापुढे दोन आकडे असतात. परदेशी कंपनी घेणार असाल तर कुठली माहिती तिला देता येते याची परवानगी टेंडरआधी घ्या. युरेनियमच्या साठ्यांचे तपशील ईमेलला जोडून पाठवायची वस्तू नाही.

गाळ

वाढीव १५०० टन रोज, वर्षाला ३०० दिवस: साडेचार लाख टन. बसल्यावर घनमीटरला १.४ टन धरले तर वर्षाला सुमारे ३.२ लाख घनमीटर जागा. जादूगुडात गाळातला जाडसर भाग सायक्लोन नावाच्या यंत्राने वेगळा काढून भरावासाठी खाणीत परत पाठवतात. तुमच्याकडेही ढोबळमानाने अर्धा परत जात असेल तर उरला १.६ लाख. आता गाळाच्या तलावात किती वर्षं शिल्लक आहेत ते भागा. ही संख्या प्रकल्पाच्या आयुष्यापेक्षा लहान आली तर तुम्ही मिलचा नव्हे, नव्या बंधाऱ्याचा प्रकल्प करताय, आणि त्याला जमीन लागते.

युरेनियम काढून घेतलं तरी खनिजातला बहुतेक किरणोत्सर्ग गाळातच राहतो. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य १६०० वर्षं. त्यामुळे हा बंधारा प्लांट बंद झाल्यावरही कोणाला तरी सांभाळायचाच आहे. १६ जुलै १९७९ ला अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या चर्च रॉकला असा बंधारा फुटला. सुमारे ९.४ कोटी गॅलन आम्लयुक्त पाणी आणि ११०० टन गाळ प्वेर्को नदीत गेला. त्या बंधाऱ्यात भेगा आधीच दिसलेल्या होत्या.

म्हणून बंधाऱ्याची रचना करणारी कंपनी आणि ती तपासणारी कंपनी वेगळी ठेवा. २०२० साली आलेलं टेलिंगविषयीचं, म्हणजे अशा गाळाविषयीचं, जागतिक मानक बंधाऱ्याला एक जबाबदार अभियंता मागतं, आणि मालकाच्या बाजूने वरच्या पदावरचा एक उत्तरदायी माणूसही. दोन्ही नावं कागदावर येऊ द्या.

पावसाचा हिशोब स्वतः करून बघा. तलाव ३० हेक्टरचा आणि २४ तासांत ३०० मिलिमीटर पाऊस पडला तर केवळ वरून ९०,००० घनमीटर पाणी येतं. डोंगरावरून उतरणारं वेगळं. ते वळवायला नाल्या, बंधाऱ्याच्या माथ्यापर्यंत मोकळी उंची आणि बाहेर सोडण्यापूर्वी रेडियम बेरियम क्लोराइडने, मँगनीज चुन्याने खाली बसवणारं संयंत्र, हे सगळं वाढीव पाण्याला पुरतं का? विस्ताराच्या अहवालांत हे संयंत्र ‘विद्यमान, पुरेसं’ असं दोन शब्दांत उरकलेलं असतं. त्या दोन शब्दांमागचा हिशोब मागा. गाळाची पाइपही विसरू नका. डिसेंबर २००६ मध्ये जादूगुडाजवळ गाळाची पाइप फुटून गाळ नाल्यात गेला होता. पाइपखाली पक्की नाली, मध्येमध्ये झडपा आणि दाब घसरला की पंप आपोआप थांबणं, हे स्कोपमध्ये, म्हणजे कंत्राटाच्या कामात, असू द्या.

जुन्यात नवं जोडताना

ताज्या जमिनीवर बांधणं सोपं; चालू मिलमध्ये जोड देणं म्हणजे राहत्या घरात स्वयंपाकघर फोडणं. बंदचे दिवस आधी ठरवा आणि प्रत्येक जोड कुठल्या बंदमध्ये ते नेमून द्या. जुन्या टाक्या आतून तपासल्याशिवाय त्यांच्यावर नवा भार टाकू नका. डिसेंबर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रेंजर मिलची एक लीच टाकी (खनिज आम्लात विरघळवणारी) कोसळून सुमारे १४०० घनमीटर आम्लयुक्त राडा बाहेर आला. अशा टाकीत आतलं रबराचं अस्तर एका जागी निकामी झालं की आम्ल पोलादापर्यंत पोचतं, आणि बाहेरून रंग ठणठणीत दिसत राहतो.

सर्वसाधारण खनिज प्रकल्प करणाऱ्या कंपन्या काही गोष्टी हमखास विसरतात: धुता येणारी फरशी, गळती अडवणाऱ्या भिंती, कपडे बदलायची नि अंघोळीची खोली, तयार युरेनियमचा सुका माल भरण्याच्या जागेत हवेचा दाब कमी ठेवणं. भूमिगत खाणीत तर वारं जितकं शिळं तितके रेडॉन या किरणोत्सर्गी वायूचे अपत्यकण वाढतात. नवे स्टोप जुन्याच पंख्यावर टांगायचे असतील तर वायुवीजनाचं जाळं नव्याने मोजून घ्या. जुन्या पाइपांच्या आतल्या खपलीत रेडियम साचलेलं असतं, तेव्हा उखडलेलं लोखंड भंगारवाल्याच्या ट्रकमध्ये चढायच्या आत प्रत्येक तुकडा मोजलाच पाहिजे. हे काम कोणाच्या स्कोपमध्ये आहे ते विचारा. बहुतेक वेळा कोणाच्याच नसतं.

गावात कोण आणि कधी जाणार

जादूगुडा परिसरात संथाळ, हो, मुंडा लोकांची गावं आहेत. विस्थापन आणि आरोग्य या दोन्हींवरून तिथे झारखंडी ऑर्गनायझेशन अगेन्स्ट रेडिएशनसारख्या संघटनांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला आहे. विस्ताराची मोजणी करायला सल्लागाराच्या सर्व्हेअरने खुंट्या ठोकल्या की गावाला बातमी कळते, आणि तीही अर्धी. खुंट्यांआधी तुमचा माणूस गावात गेला पाहिजे, संथाळी येणारा. विहिरी, भात, हवा यांची मूळ मोजणी कामाआधी, ग्रामसभेच्या लोकांसमोर, वेगळ्या संस्थेकडून करून घ्या. त्या आकड्यांची प्रत गावात राहू द्या. काम सुरू झाल्यावर घेतलेल्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवावा तरी का?

सुरू करताना

आधी पाणी, मग निरुपयोगी दगडाचा राडा, मग खनिज. कामगिरीची चाचणी किती दिवसांची, कुठल्या दर्जाच्या खनिजावर आणि मोजणी कुठल्या काट्यावर, हे करारात हवं. एका ठिकाणी कंत्राटदाराने चाचणीच्या आठवड्यासाठी ढिगातला मऊ, चांगला माल वेचून मागितला होता. आम्ही दिला नाही. चाचणीचा माल कोणत्या स्टोपमधून येणार, हे आम्ही वर्षभर आधीच लिहून ठेवलं होतं.

पहिल्याच महिन्यात ४५०० टनांचा आकडा संचालक मंडळाला सांगू नका. दीड-दोन वर्षांत चढत जाणारी रेघ सांगा. त्या काळात सल्लागाराचा प्रक्रिया अभियंता साइटवर राहील अशी तरतूद मूळ करारात ठेवा. नंतर बोलावलं तर तो दुसऱ्या प्रकल्पावर गेलेला असतो. कंत्राटदाराचं शेवटचं बिल जसं बांधलं तशा रेखाचित्रांच्या बदल्यातच सोडा, आणि त्यातल्या प्रत्येक उंचीपुढे ती कुठल्या खुणेपासून मोजलीय ते लिहिलंय का, हे टेप घेऊन स्वतः दोन-चार ठिकाणी बघून या.